जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात पदावर ‘चाल सदर’ लिहिलंय, गायचं काय?

पहिली_घंटा (धागाकर्ता)

‘संगीत सौभद्र’चा अडीच तासांचा प्रयोग बसवायचा आहे. गाणारे सहा जण, त्यांतल्या चार मुली. कृष्णाचं कामही मुलगीच करणार. साथीला ऑर्गन (नाहीच मिळाला तर पेटी) आणि तबला. संहिता जुन्या छापील पुस्तकातली आहे आणि घोडं तिथेच अडलंय.

गाजलेल्या पदांचं ठीक आहे, त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. बाकीच्या पदांवर राग-तालाचा पत्ताच नाही. ‘चाल’ असं लिहून पुढे भलत्याच गाण्याचे दोन-तीन शब्द, त्यातले काही कानडी वाटतात. पुढच्या पदावर नुसतं ‘चाल सदर’. मधूनमधून साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे मथळे.

हे गायचं कसं? मूळ चाली मिळतात का, की नव्या लावायच्या? आणि शंभरावर पदांतली ठेवायची कोणती? इतिहास माहीत असलेल्यांनी आणि प्रत्यक्ष बसवणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा.

जुनी_पद्यावली

‘चाल सदर’ म्हणजे वरच्या पदाचीच चाल. आणि वरच्या पदावर जे शब्द आहेत तो निव्वळ पत्ता आहे. ते गाणं नटाला येत असायचं, समोरच्या बऱ्याच प्रेक्षकांनाही यायचं, म्हणून दोन शब्दांत काम भागायचं. आज पत्ता शिल्लक आहे आणि घर पडलंय, एवढीच अडचण.

हे असं का झालं ते नाटक कसं घडलं यात आहे. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासूनच्या पौराणिक नाटकांत गायचं काम मुख्यतः सूत्रधाराकडे असे. पद्य तो म्हणणार, आणि त्यावर पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं गद्य बोलणार. ‘सौभद्र’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी गाणं ज्याच्या त्याच्या तोंडी दिलं आणि गद्यही लिहून बांधून टाकलं. पुण्यात पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ पाहिल्यावर त्यांनी हे मनावर घेतलं असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. (१८७९ च्या त्रिलोकेकरांच्या ‘नलदमयंती’ला पहिलेपणाचा मान द्यावा असं म्हणणारेही आहेत. तो वाद इथे नको.) ‘सौभद्र’ही तसंच हप्त्यांनी आलं. नोव्हेंबर १८८२ मध्ये तीन अंक, आणि पाचही अंक पुढच्या वर्षी.

आता ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं आहेत. इतक्या नव्या चाली बांधणार कोण आणि त्या नटांच्या गळ्यात उतरवणार कोण? त्या काळी कंपनीत संगीत दिग्दर्शक नावाचा वेगळा माणूस नसायचा. किर्लोस्कर बेळगाव-धारवाडकडचे. कीर्तनातली वृत्तं, लावण्या, बायकांची गाणी, कानडी पदं, दक्षिणी वळणाच्या चाली, सगळं त्यांच्या कानात होतं. चाल डोक्यात धरायची आणि तिच्या मापाचे शब्द बसवायचे. त्यामुळे तुमच्या पुस्तकात कानडी शब्द दिसले तर ती छपाईची चूक समजू नका.

पुढचा इतिहास थोडक्यात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’पासून (१८९६) पारशी-गुजराती रंगभूमीच्या उडत्या चाली आल्या. देवलांनी ‘शारदे’त (१८९९) पुन्हा साधं, बोलण्याजवळचं वळण ठेवलं. खरी उलथापालथ १९११ च्या ‘मानापमान’ची. तिथे गोविंदराव टेंब्यांनी ख्याल-ठुमरीतून चाली उचलून संबंध नाटकाला एकसंध संगीत दिलं, आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ते आणखी रागदारीकडे नेलं. म्हणजे ‘नाट्यसंगीत’ म्हटल्यावर आज जे कानात वाजतं, आलाप, ताना, एकेका शब्दावर रेंगाळणं, ते ‘सौभद्र’ रंगभूमीवर आल्यानंतर तिसेक वर्षांनी रुळलं. आणि मग ते मागे जाऊन ‘सौभद्रा’लाही चिकटलं.

मूळ चालींबद्दल एक गोष्ट पक्की. पहिल्या संचात सुभद्रा करणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. आपल्याकडे तबकड्यांवर ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. तेव्हा पहिल्या संचातली सुभद्रा कशी गायची हे आज कुणाच्याही कानावर नाही. ‘अस्सल किर्लोस्करी चाल’ म्हणून जे शिकवतात ते दोन-तीन पिढ्यांच्या गळ्यांतून घासून आलेलं आहे. मी याला दोष मानत नाही. पण म्हणूनच अनोळखी पदाला नवी चाल लावली तर अपराध झाला असंही मानू नका, पदाचं माप मात्र मोडायचं नाही.

मात्रामोजणी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. माप कसं काढायचं ते लिहितो.

आधी साकी-दिंडीचं बघा, कारण ती सगळ्यांत सोपी आणि नाटकाला सगळ्यांत उपयोगी. बसवणारे पहिली कात्री नेमकी त्यांनाच लावतात आणि मग कथा लंगडते.

साकीत एका ओळीत २८ मात्रा, १६ वर थांबा आणि मग १२. व्याकरणाच्या पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण घ्या: ‘श्रीरघुवंशी ब्रह्मप्रार्थित’ इथे १६ झाल्या, ‘लक्ष्मीपति अवतरला’ इथे १२. केहरव्याच्या आठाच्या हिशोबात पहिला तुकडा बरोबर दोन आवर्तनं (तालाच्या फेऱ्या) घेतो. दुसरा चार मात्रा कमी पडतो, तिथे शेवटचं अक्षर लांबवायचं. म्हणजे ओळ चार आवर्तनांत बसली. धुमाळीचा ठेका धरलात तरी हिशोब तोच.

दिंडीत १९ मात्रा, ९ आणि १० अशा. ‘कथा बोलू हे | मधुर सुधाधारा’. इथे हमखास चूक होते. तबलजी केहरवा लावतो, नऊ मात्रा आठात बसत नाहीत, गाणारा एक अक्षर गिळतो. दिंडीची चाल तिनाची आहे, दादरा घ्या. पहिल्या नऊ मात्रांनंतर तीन मात्रा सूर धरायचा, झाल्या बारा. दुसऱ्या तुकड्यात ‘मधुर सुधा’ सहा मात्रांत म्हणायचं आणि ‘धा’ आणि ‘रा’ प्रत्येकी तीन मात्रा ओढायचे, झाल्या बारा. एकूण दादऱ्याची चार आवर्तनं. अर्थात शोकाचा प्रसंग असेल तर ठेका सोडून नुसत्या सुरावर म्हटलेली दिंडी जास्त लागते. तबला तेव्हा गप्प.

कामदा अक्षरगणवृत्त आहे: दहा अक्षरं, र-य-ज-ग, पाचव्या अक्षरावर थांबा. गुरूच्या दोन आणि लघूची एक धरलीत तर दोन्ही अर्धे आठ-आठ मात्रांचे होतात, त्यामुळे केहरव्यात जराही ओढाताण नाही. अंजनीगीताच्या पहिल्या तीन ओळी सोळाच्या, चौथी दहाची. त्या चौथ्या ओळीनंतरच्या सहा मात्रा रिकाम्या सोडा, ऑर्गनने भरू नका. त्या शांततेतच पुढचं पात्र बोलायला लागतं.

आता ‘चाल अमुक’वाली पदं. कागद-पेन्सिल घ्या आणि धृपदाच्या ओळीच्या मात्रा मोजा. ‘राधाधर मधुमिलिंद जय जय’ हे तुमच्याच नाटकातलं घ्या. राधाधर ६, मधुमिलिंद ६, जय जय ४, एकूण १६. त्रिताल किंवा केहरवा. अनोळखी पदाची ओळ चौदाची आली तर दीपचंदी किंवा दोनदा रूपक, दहाची आली तर झपताल, सहाच्या पटीत आली तर दादरा. पुस्तकात ‘त्रिवट’ दिसलं तर त्रितालच समजा. ओळ दोन-तीन मात्रांनी कमी भरली तर घाबरू नका, पद समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी उचललं असण्याची शक्यता मोठी.

माप कळलं की तीच ‘चाल’ दुसऱ्या कुठल्या नाटकाच्या पुस्तकात दिलीय का ते शोधा. हे लोक एकमेकांच्या चाली सर्रास वापरत. एखाद्या नंतरच्या नाटकात त्याच चालीवर रागाचं नावही छापलेलं सापडतं, आणि मग अर्धं काम झालं. काहीच नाही सापडलं तर आपल्याच नाटकातल्या ओळखीच्या, त्याच मापाच्या पदाची चाल लावा. किर्लोस्करांनी तेच केलं असतं, ‘चाल सदर’ म्हणजे दुसरं काय?

एक पथ्य मात्र पाळा. शब्दाचा तोड आणि तालाचा तोड एकाच जागी आला पाहिजे. परक्या चालीत सम शब्दाच्या पोटात पडली तर अर्थाचं वाटोळं होतं, आणि संगीत नाटकात शब्द कळला नाही तर पुढचा संवाद लटकतो.

पहिली_घंटा (धागाकर्ता)

दिंडीचा केहरवा! अगदी हेच चाललं होतं. बारा-बाराने सरळ बसली.

आता स्वराचं सांगा. दोन मुलगे काळी एकमध्ये (पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा) गातात, मुली काळी चारमध्ये. तबला एकच आहे, काळी एकचा. ऑर्गनवाला म्हणतो, सगळ्यांनी एकच पट्टी धरा.

भाता_आणि_सूर

ऑर्गनवाल्याचं म्हणणं ऐकू नका, पण तो असं का म्हणतो ते समजून घ्या. जुन्या कंपन्यांत सुभद्राही पुरुष आणि कृष्णही पुरुष. सगळ्यांचे गळे जवळपासच्या पट्टीतले, म्हणून नाटकभर स्वर फारसा हलवावा लागत नसे. स्त्रिया रंगभूमीवर रुळल्या आणि नाटकात दोन पट्ट्या आल्या. सगळ्यांना एका पट्टीत कोंबलंत तर मुलगे किंचाळतील, नाहीतर मुलींचे खालचे शब्द पहिल्या रांगेच्या पुढे जाणार नाहीत.

काळी एक आणि काळी चार ही जोडी खरं तर नशिबाची आहे. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, आणि उलट बघितलं तर काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. पुरुषाचं पद संपताना ऑर्गनने पंचमावर थांबायचं, तोच मुलीचा षड्ज. संवाद सुरू असताना तो सूर बारीक धरून ठेवला की तिला वेगळा स्वर द्यावाच लागत नाही.

तबल्याचं मात्र तसं नाही. काळी एकचा दाया (जोडीतला उजवा तबला) मुलींच्या पदांना मध्यम म्हणून चालेल, पण ज्या रागात शुद्ध मध्यम आहे तिथेच. तुमचा कृष्ण मुलगी आहे, म्हणजे ‘प्रिये पहा’ काळी चारमध्ये जाणार. ते पद देसकाराचं, देसकारात मध्यम वर्ज्य, म्हणजे लागतच नाही. तिथे दाया प्रत्येक समेला वर्ज्य स्वर ठणकावत बसेल. प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण ‘काहीतरी बेसूर आहे’ एवढं नक्की कळेल. म्हणून दुसरा दाया आणा, काळी चारला लागणारा. तो नाहीच मिळाला तर काळी दोनला लावलेला, म्हणजे मुलींचा पंचम. आहे तोच दाया प्रयोगात गट्ठे ठोकून अख्खा एक स्वर वर चढवायचा विचार करू नका. वेळ जातो, पुडी ताणली जाते आणि मध्यंतरापर्यंत तो पुन्हा उतरतो. दोन्ही दाये तासभर आधी रंगमंचावरच्या दिव्यांखाली ठेवा आणि मग लावा. वातानुकूलित खोलीत लावलेला तबला दिव्यांच्या उष्णतेत पहिल्या दोन पदांतच स्वर सोडतो.

ऑर्गन आणि पेटी यांत काय घ्यावं? पायाने भाता मारायचा ऑर्गन असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात, सूर अखंड राहतो आणि डाव्या हाताने खालचा षड्ज-पंचम धरता येतो. संवादाखालचा तो भरणा पेटीला जमत नाही, कारण तिचा एक हात भात्यात अडकलेला. म्हणून पेटी घेतलीत तर तंबोऱ्याची सोय वेगळी करा, आणि दोन पट्ट्यांसाठी दोन तंबोरे किंवा दोन यंत्रं ठेवा. एकाच यंत्राची पट्टी प्रयोगात बदलायला गेलात तर कधीतरी चुकीच्या संवादाखाली चुकीचा स्वर वाजणारच.

स्केल चेंजर पेटीवर पट्टी हलवताना आधी पट्ट्यांवरची बोटं उचला, कळ पूर्ण सोडा, मगच सरकवा. घाईत दाबलेल्या पट्टीसकट सरकवली की आतली जोडणी अडकते आणि एखादा सूर सतत वाजत राहतो. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन असेल तर पट्टी बदलायची कळ न वापरलेलीच बरी. ‘आत्ता ती कितीवर आहे’ हे आठवत नाही म्हणून अख्खं पद भलत्याच पट्टीत सुरू होतं. दोन्ही पट्ट्यांतली बोटं बसवायला आठ-दहा दिवस लागतील, ते द्या.

बसायच्या जागा: रंगमंचासमोर एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला तबला, ही जुनी मांडणी उगाच नाही. दोघांनाही गाणाऱ्याचा चेहरा आणि श्वास दिसतो. साथ विंगेत ढकललीत तर गाणाऱ्याची पाठ दिसते आणि प्रत्येक मुखडा अर्ध्या मात्रेने उशिरा पडतो.

तिसरी_घंटा

वेळेचं गणित मी लिहितो. अडीच तास म्हणजे १५० मिनिटं. मध्यंतर, नांदीआधीच्या घंटा आणि पडदा मिळून २० गेली. उरली १३०. पद सरासरी तीन मिनिटांचं धरा. पंचवीस पदं घेतलीत तर पाऊण-एक तास नव्हे, चांगली ७५ मिनिटं गेली. गद्य गुदमरतं, आणि ‘सौभद्र’ हे मुळात सुखात्म नाटक आहे, त्यातली गंमत गद्यात आहे. अठरा पदांच्या वर जाऊ नका. ५४ मिनिटं ती, पंधरा साकी-दिंड्या ४० सेकंदांच्या म्हणजे १० मिनिटं, वन्स मोअरला ८ राखून ठेवा. गद्याला ५८ मिनिटं मिळतात. पुरतात.

कुठली ठेवायची? पदं निवडण्याआधी कथेचे खिळे शोधा. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. सुभद्रेचं मन अर्जुनावर. अर्जुन तीर्थयात्रेवर, त्याला बातमी नारदाकडून. घटोत्कच सुभद्रेला उचलतो. अर्जुन यती होऊन बलरामाच्याच घरी येऊन बसतो. कृष्ण हे सगळं हसत हसत घडवून आणतो आणि बलरामाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. यातल्या प्रत्येक खिळ्याला एक पद पाहिजेच. नारदाच्या प्रवेशाला ‘राधाधर’, सुभद्रेच्या हतबलतेला ‘वद जाऊ कुणाला शरण’. कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश कथेच्या दृष्टीने काढता येतो, पण तो काढलात तर प्रेक्षक पैसे परत मागतील. ‘नच सुंदरी करू कोपा’ आणि ‘प्रिये पहा’ दोन्ही तिथे आहेत.

कात्री कुठे? एकाच भावनेवर लागोपाठ दोन-तीन पदं येतात तिथे. मूळ प्रयोग रात्रभर चालत, प्रेक्षक गाण्यासाठीच बसलेला असे, पुन्हापुन्हा तेच ऐकायला त्याची ना नव्हती. त्यातलं एकच पद ठेवा. दुसऱ्यात नवी माहिती असेल तर त्याचा एकच अंतरा साकीसारखा म्हणा, नाहीतर ती माहिती गद्यात आणा. पद काढताना त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य तपासा. बऱ्याचदा आधीचं वाक्य अर्धं सोडलेलं असतं आणि पदाच्या पहिल्या शब्दाने ते पुरं होतं. पद उडालं की वाक्य लोंबकळतं.

पाच अंकांचे दोन भाग करताना घटोत्कचाचा प्रवेश आणि सुभद्रा नाहीशी होणं मध्यंतराच्या जवळ आणा. पुढे काय होणार ही ओढ तिथे आपोआप मिळते.

हक्कांचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, संहितेवर हक्क उरलेला नाही. पण विसाव्या शतकात कुणी नव्याने लावलेली चाल किंवा संपादित केलेली रंगावृत्ती वापरणार असाल तर वेगळं विचारावं लागेल. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

मींड

वरचं सगळं मान्य, एक भर आणि एक विरोध.

भर देसकाराबद्दल. भूप आणि देसकाराचे स्वर तेच, सा रे ग प ध. ‘प्रिये पहा’ ही पहाट आहे, ‘उषःकाल’ शब्दच त्यात आहे. देसकाराचा जीव धैवतात आणि वरच्या अंगात. गाणारी मुलगी दमली किंवा पट्टी तिला उंच पडली की ती नकळत गांधाराकडे उतरते, तिथे रेंगाळते, आणि पहाटेच्या पदाचा संध्याकाळचा भूप होतो. शिकवताना धैवतावरून पंचमावर येणं घोटून घ्या. ताना कमी चालतील, स्वराची जागा चुकता कामा नये. आणि याच पदासाठी तिची पट्टी तपासा: वरच्या षड्जाभोवती आरामात राहता येत नसेल तर काळी चार सोडून पांढरी चार बघा. हो, मग तबल्याचं गणित पुन्हा मांडावं लागेल.

विरोध ‘ध्वनिमुद्रिका आहेत, ठीक आहे’ याला. जुन्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. गाणारे त्यात अस्ताई (पदाचं धृपद), अंतरा आणि आपल्या सगळ्या खास जागा कोंबत. म्हणून लय रंगमंचापेक्षा चढी, शब्दांना श्वास नाही, आणि पदाआधीचा संवाद अर्थातच नाही. ती तबकडी जशीच्या तशी रंगमंचावर उतरवलीत की पात्र गायब होतं आणि गायक उरतो. लय एक पायरी उतरवा. पहिली अस्ताई साधी, एकही हरकत (स्वरांची नक्षी) न घेता म्हणू द्या, शब्द पोचू देत. सजावट दुसऱ्या फेरीत.

उलट टोकाचीही चूक होते. बालगंधर्व एकेक पद किती वेळ गात याच्या कथा ऐकून लोक आलाप वाढवतात. त्यांच्या मागे थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, आणि समोर पहाटेपर्यंत बसायला तयार असलेला प्रेक्षक. तुमच्याकडे अडीच तास आहेत.

तिसरी_घंटा

मींड यांच्या लयीच्या मुद्द्याला +१. माझ्या गणितातली तीन मिनिटं उतरवलेल्या लयीत साडेतीन होतील, तेव्हा अठराची सोळा करा. हिशोब पुन्हा १३० मध्ये बसतो.

पहिली_घंटा (धागाकर्ता)

सोळा पदांची यादी झाली. दुसरा दाया मिळाला, काळी चारचाच. शेवटचा प्रश्न: वन्स मोअर आलाच तर काय करायचं? संवाद पुढे सुरू झालेला असतो, मग सगळे गोंधळतात.

भाता_आणि_सूर

ठरवून ठेवलं नाही की गोंधळणारच. कुठल्या चार पदांना वन्स मोअर घ्यायचा ते तालमीतच ठरवा. बाकीच्यांना कितीही ओरडा झाला तरी नाटक पुढे. त्या चार पदांनंतरचं पहिलं वाक्य बोलणाऱ्या पात्राला मनात चार आकडे मोजायला सांगा. तेवढ्यात टाळ्यांतून मागणी कळते. घ्यायचा असेल तर ऑर्गनने मुखड्याचे पहिले दोन-तीन स्वर वाजवायचे, हीच सगळ्यांना खूण. मग रंगमंचावरची बाकीची पात्रं आहेत तिथेच राहतात, मागे फिरत नाहीत, हसत नाहीत.

पुन्हा गाताना अख्खं पद नको. शेवटच्या अंतऱ्यापासून उचला, अस्ताईवर या, तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेऊन थांबा. दीड-दोन मिनिटं होतात. तिहाई तबलजीने पहिल्या वेळी घ्यायचीच नाही, फक्त वन्स मोअरला. म्हणजे ती ऐकली की पुढचं पात्र डोळे मिटून वाक्य टाकू शकतं. आणि दिवेवाल्याला हे सगळं आधी सांगा. पद संपलं म्हणून त्याने प्रकाश उतरवला असेल तर गाणारी अंधारात दुसऱ्यांदा कृष्ण होते.

मात्रामोजणी

अवांतर: साकी-दिंडीला वन्स मोअर आला तर मात्र जरूर घ्या. तसा तो येत नाही, पण आला तर समजा ठेका बरोबर लागला.